कोकणातून वाचा-उपचाराच्या एमएस्सीकडे: या वाटेची पार्श्वभूमी

सावंतवाडी, चिपळूण किंवा अलिबागच्या एखाद्या मुलीने स्पीच थेरपिस्ट व्हायचं ठरवलं आणि पदव्युत्तर पदवीपर्यंत जायचं ठरवलं, तर तिच्यापुढे सहा वर्षांचं शिक्षण असतं. चार वर्षांची बीएएसएलपी, म्हणजे श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा विकारशास्त्र यांची एकत्र पदवी, ज्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यावर दोन वर्षांची एमएस्सी. ही बहुतेक सगळी वर्षं मुंबई, पुणे, मैसूर किंवा मंगळूर अशा शहरांत जातात. हा विषय शहरांतच का वाढला, पदव्युत्तर पदवीला एवढं महत्त्व का आलं आणि कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी ही वाट इतक्या उशिरा का उघडली, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

उशिरा बोलणारं मूल, अडखळणारा मुलगा, टाळू दुभंगलेली आणि म्हणून नाकातून बोलणारी मुलगी, अर्धांगवायूनंतर शब्द हरवलेले आजोबा, हे सगळे कोकणातल्या गावांत पूर्वीही होतेच. मुलाची जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून चाटवायचं, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचं, नवस बोलायचा. "तेचो बापूस पण उशिराच बोलाक लागलो," असं घरातलं मोठं माणूस म्हणायचं आणि वर्ष-दोन वर्षं निघून जायची. यात आईबापांना दोष देणं अन्यायाचं आहे. त्यांना विचारायला दुसरं दारच नव्हतं. जन्मतः ऐकू न येणारं मूल बोलत नाही याचं कारण कानात आहे, जिभेत नाही, हे तालुक्याच्या दवाखान्यातही कुणी सांगत नसे. सरकारी कागदांवर आणि शाळांच्या पाट्यांवरही दोन्ही गोष्टी 'मूकबधिर' या एकाच शब्दात बांधलेल्या होत्या. कर्णबधिर मुलांसाठी देशातली पहिली शाळा १८८० च्या दशकात मुंबईत निघाली, पण ती शाळा होती. वाणीच्या दोषाची तपासणी करून त्यावर उपचार करणारा स्वतंत्र व्यवसाय आपल्याकडे यायला आणखी ऐंशी वर्षं लागली.

या शास्त्राची मुळं युरोपात आहेत. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाला इजा झाली की माणसाचं बोलणं कसं जातं ते दाखवलं. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने शब्द समजण्याची क्षमता मेंदूच्या वेगळ्या भागाशी जोडली. व्यवसाय म्हणून मात्र हा विषय अमेरिकेत उभा राहिला. आयोवाच्या विद्यापीठात १९२० च्या दशकात तोतरेपणावर संशोधन सुरू झालं, १९२५ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांची संघटना निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धातून डोक्याला जखमा होऊन परतलेल्या सैनिकांना पुन्हा बोलायला शिकवण्याच्या गरजेतून तो झपाट्याने वाढला. १९६५ पासून तिथल्या संघटनेने व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण आवश्यक केलं. आजही अमेरिकेत मास्टर्स हीच प्रवेशाची पायरी आहे, आणि मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र घेऊन पदवीधर झालेला विद्यार्थी काही पूरक विषय पूर्ण करून त्या वर्गात जाऊ शकतो. इंटरनेटवर माहिती शोधणाऱ्या आपल्या मुलांचा इथेच घोटाळा होतो. बीए किंवा साधी बीएस्सी करून पुढे स्पीचमध्ये मास्टर्स करता येईल असं त्यांना वाटतं. भारतात तसा रस्ता नाही. इथे एमएस्सीला बसायचं तर हाताशी याच विषयाची पदवी लागते.

गंमत अशी, की भारतात या शिक्षणाची सुरुवात उलट्या टोकाने झाली. ९ ऑगस्ट १९६५ रोजी मैसूरला केंद्र सरकारची संस्था सुरू झाली. तिचं पहिलं नाव ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स. पुढे ती ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग झाली, आणि आज सगळे तिला 'आयश' म्हणतात. जागा मैसूरच्या महाराजांनी दिली, इमारतीची कोनशिला १९६६ मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी बसवली. तिथे आधी एमएस्सीचा वर्ग निघाला, पदवीचा नंतर. देशात या विषयाचे पदवीधरच नव्हते, शिकवणारे तर हवे होते, म्हणून दुसऱ्या विषयांतल्या पदवीधरांना घेऊन सुरुवात करावी लागली. पदवीचे वर्ग स्थिरावले तसं ते दार बंद झालं. या क्षेत्रात पदव्युत्तर पदवीचा संबंध पहिल्यापासून शिकवण्याशी आणि संशोधनाशी राहिला तो त्यामुळे. व्यवसाय करायला बीएएसएलपी पुरते, पण महाविद्यालयात शिकवायचं, मोठ्या रुग्णालयात विभाग सांभाळायचा किंवा गिळण्याचे विकार, मेंदूच्या आघातानंतरचा वाचाघात, स्वमग्नता यांसारख्या एखाद्या शाखेत खोल जायचं, तर एमएस्सी लागते.

महाराष्ट्रात या विषयाचं पहिलं घर मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय. टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १९६० च्या दशकात श्रवण आणि वाचा-उपचाराचं शिक्षण सुरू झालं. याच सुमारास परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं राबत होती, आणि तेव्हा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. गावात कुणी आजारी पडलं की त्याला मुंबईत आणायचं, चाळीतल्या खोलीत किंवा गाववाल्यांच्या गाळ्यावर ठेवायचं आणि केईएम, टाटा किंवा नायरला दाखवायचं, ही कोकणाची जुनी रीत. ऑपरेशनला ती पुरायची. दुभंगलेला ओठ शिवून झाला, घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की माणूस गावी परत जायचा.

वाचा-उपचाराला ही रीत पुरली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली हीच सर्वांत मोठी अडचण आहे. हा उपचार एका भेटीत होत नाही. टाळू शिवल्यावरही मुलाला 'प', 'ब', 'क' हे आवाज तोंडातून काढायला महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला नव्या पद्धतीने आवाज काढायला शिकवावं लागतं. आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं, तर देवगडचा मच्छीमार किंवा राजापूरची विधवा बाई मुंबईत किती दिवस राहणार? दहा बाय दहाच्या खोलीत आधीच आठ-दहा माणसं. मूल घेऊन आई परत जायची, आणि शस्त्रक्रिया उत्तम होऊनही मुलाचं बोलणं तसंच राहायचं. डॉक्टर कोकणात जन्मले, शिकायला बाहेर गेले, काही परतही आले. थेरपिस्ट मात्र कुणी परत येत नव्हतं, कारण जिल्ह्याला तसं पदच नव्हतं.

मुंबईत दुसरी मोठी संस्था आली ती ९ ऑगस्ट १९८३ रोजी, वांद्रे रेक्लमेशनला. मैसूरचीच तारीख, अठरा वर्षांनी. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये निधन पावलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं गेलं. सुरुवातीला तिच्या नावात फक्त श्रवण-अपंगत्व होतं, वाचेचा उल्लेख अलीकडे आला. हा बदल कागदावरचा वाटला तरी खरा आहे. आपल्याकडे ऐकण्याच्या दोषाकडे लक्ष आधी गेलं, बोलण्याच्या आणि भाषेच्या दोषांना स्वतंत्र मान मिळायला वेळ लागला. भारतातली पदवी अजूनही दोन्ही विषय एकत्र शिकवते. कोकणासाठी हे चांगलंच आहे. जिल्हा रुग्णालयात एकच माणूस मिळणार असेल, तर त्याला कानाची तपासणीही करता यायला हवी आणि मुलाला बोलतंही करता यायला हवं. फाटा फुटतो तो पदव्युत्तर पातळीवर. पूर्वीच्या एकत्रित मास्टर्सऐवजी आता अनेक ठिकाणी ऑडिओलॉजी (श्रवणशास्त्र) आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी (वाचा-भाषा विकारशास्त्र) अशा दोन वेगळ्या एमएस्सी आहेत, आणि विद्यार्थ्याला त्यातली एक निवडावी लागते.

व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने. तो १९९३ मध्ये लागू झाला. परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम धरला जातो, आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रवेश घेण्याआधी त्या महाविद्यालयाची मान्यता चालू आहे ना, हे परिषदेच्या यादीत पाहणं म्हणूनच फार महत्त्वाचं. फी भरून झाल्यावर ते कळलं तर उपयोग नाही.

गरज मात्र कायद्याने एका दिवसात दिसायला लागली नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात वाचेचा दोष वेगळा नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले. वाचा आणि भाषेचं अपंगत्व, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांना जागा मिळाली. या दोन कायद्यांच्या मधे कोकणाच्या उत्तर टोकाला एक महत्त्वाची गोष्ट घडली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांची तपासणी करायची, जन्मजात दोष, विकासातला उशीर शोधायचा आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, अशी ही योजना. त्या केंद्राच्या मंजूर पदांत ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट आहे. घाटाखालच्या जिल्ह्यात या शिक्षणाला नोकरीची जागा अशी कागदावर आली.

पुढच्याच वर्षी, २०१४ पासून, दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राचा, समावेश झाला. सुरुवातीला एका यंत्राला सहा लाख रुपयांपर्यंत मदत होती, आणि समन्वयाचं काम वांद्र्याच्या संस्थेकडे. पण कानामागे यंत्र बसलं म्हणजे मूल ऐकून बोलू लागत नाही. शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ नियमित थेरपी लागते. इथे पुन्हा तोच जुना प्रश्न येतो. यंत्र मुंबईत बसेल, पण थेरपी वेंगुर्ल्यात कोण देणार? करोनाच्या काळात मोबाईलवरून थेरपी रुळली आणि थोडा आधार झाला. लहान मुलासमोर बसून, त्याच्या ओठांकडे बघून करायचं काम मात्र पडद्यावरून अर्धंच होतं, आणि पावसाळ्यात वाडीतली लाईट आणि रेंज दोन्ही गेली की तेही थांबतं.

प्रवेशाची आजची पद्धत या इतिहासातूनच घडली. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि राज्यातलं आरोग्यशिक्षण हळूहळू त्याच्या छत्राखाली आलं. राज्यात बीएएसएलपीचे प्रवेश आता नीटच्या गुणांवर होतात. एमएस्सीसाठी राज्याचा सीईटी कक्ष फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर परीक्षांबरोबर या शाखेचीही परीक्षा घेतो. मैसूरची परीक्षा वेगळी आणि देशभरची. नीटचं नाव निघालं की कोकणातल्या घरांत एमबीबीएस, बीडीएस, फार तर बीएएमएस एवढीच चर्चा होते. बीएएसएलपी हा पर्याय यादीत खाली कुठेतरी असतो, आणि पुष्कळदा तो मुलांना समुपदेशनाच्या फेरीतच पहिल्यांदा दिसतो. अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१ मध्ये, रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. तिथे कान-नाक-घसा आणि बालरोग विभाग उभे राहत आहेत, तर त्यांच्या शेजारी या विषयाचं शिक्षणही सुरू व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

दक्षिणेचा पर्याय आपल्या लोकांच्या ध्यानात कमी येतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि सिंधुदुर्गातून मंगळूर-उडुपी एका दिवसाच्या प्रवासात आलं. मंगळूर आणि मणिपालला या विषयाची जुनी, चांगली महाविद्यालयं आहेत, पदव्युत्तर वर्गही आहेत. अडचण भाषेची. क्लिनिकमध्ये समोर येणारा रुग्ण कन्नड किंवा तुळू बोलतो, आणि या शिक्षणात रुग्णांसोबतचे तास भरावेच लागतात. पण मंगळूरला कोंकणी बोलणारेही खूप आहेत, आणि मालवणी मुलाला ती भाषा कानावर पडताच निम्मी कळते.

भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. मराठीतल्या उच्चारचाचण्या आणि भाषाचाचण्या प्रमाण मराठी धरून केलेल्या असतात. आगरी किंवा कोळी घरातलं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, ती त्याच्या घरची बोली आहे. बोली न जाणणारा तपासनीस तिथे उच्चारदोष लिहून मोकळा होऊ शकतो. उलट, मालवणीत खरोखर अडखळणाऱ्या किंवा वाक्यं अर्धी सोडणाऱ्या मुलाचा दोष 'गावची भाषा आहे' म्हणून सुटूही शकतो. वारली आणि कातकरी मुलांच्या बाबतीत तर प्रमाण मराठी ही घरची भाषाच नसते. पक्षाघातानंतर मालवणी आजीला चित्र दाखवून 'हे काय आहे?' विचारलं आणि ती गप्प राहिली, तर तिचा शब्द गेला की प्रश्नच परका वाटला, हे तिच्या बोलीत विचारल्याशिवाय कळत नाही.

एमएस्सीच्या दोन वर्षांत प्रत्येकाला एक प्रबंध लिहावा लागतो. तीन वर्षांच्या मालवणी मुलाला किती शब्द येतात, आगरी मूल कोणता उच्चार कोणत्या वयात पक्का करतं, ही आधारमाहिती असेल तर सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या किंवा अलिबागच्या केंद्रातला थेरपिस्ट पुढ्यातल्या मुलाला कशाशी ताडून पाहायचं ते ठरवू शकेल. ती गोळा करायला घरात शिरून, मुलांशी त्यांच्याच बोलीत खेळत बसणारं माणूस लागतं. कोकणातून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात मार्गदर्शकापुढे हा विषय ठेवावा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी येताना परवानगीची पत्रं आणि रेकॉर्डर सोबत घेऊन यावं.