लेझर मारूनही नजर का वाढत नाही?

‘डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) लेझर मारून घेतला, पण पहिल्यापेक्षा काही जास्त दिसत नाही.’ मधुमेही रुग्णांची ही तक्रार नेत्रतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीची आहे. तक्रार खोटी नाही. हा लेझर नजर वाढवण्यासाठी मारतच नाहीत; आहे ती जाऊ नये म्हणून मारतात. आणि त्यासाठी चक्क पडद्याचाच काही भाग जाळतात.

उफराटं वाटतं, पण सगळा खेळ प्राणवायूचा आहे. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की पडद्यातल्या केशवाहिन्यांपैकी काही झिरपू लागतात, काही बंद पडतात. रक्ताविना राहिलेला पडदा मग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्याने नव्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या इतक्या कच्च्या असतात की डोळ्यात रक्त उतरतं. त्यांच्याबरोबर वाढलेले तंतू आकसले तर पडदा ओढला जाऊन सुटतो. कडेचा पडदा लेझरने ठिकठिकाणी भाजला की तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. प्राणवायूच्या बाबतीत या पेशी भलत्या खादाड. त्या गेल्या की पडद्यामागच्या थरातून येणारा त्यांच्या वाट्याचा प्राणवायू आतपर्यंत पोचतो, व्हीईजीएफ घटतं आणि नव्या वाहिन्या सुकू लागतात.

थेंब घालून बाहुली मोठी करतात, डोळा बधिर करतात, बुबुळावर भिंग टेकवतात आणि मग हिरव्या प्रकाशाचे लखलखाट सुरू होतात. एकेक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. जुन्या पद्धतीत एका डोळ्याला १२०० ते १६०० ठिपके, तेही बहुधा दोन-तीन बैठकांत. ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, तो मधला पीतबिंदू यातून वगळतात. कडेचं आणि अंधारातलं दिसणं मात्र थोडं कमी होऊ शकतं. हे रुग्णाला आधीच सांगायला हवं. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

पडदा भाजून बरं करण्याची कल्पना लेझरहून जुनी आहे. जर्मनीचे गेर्ड मायर-श्विकेराट यांनी १९४०च्या दशकात त्यासाठी थेट सूर्यप्रकाश वापरला होता. मधुमेहात याचा खरंच उपयोग होतो का, हे अमेरिकेत १९७०च्या दशकात १७००हून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं: प्रत्येकाचा एक डोळा भाजायचा, दुसरा तसाच ठेवायचा. उपचार केलेल्या डोळ्यांत नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी दिसलं, तेव्हा १९७६ मध्ये दुसऱ्या डोळ्यालाही उपचाराची मुभा द्यावी लागली.

आता व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शनं आहेत. पीतबिंदूला सूज असेल आणि नजर उतरली असेल, तर सहसा आधी तीच देतात. त्यांनी नजर सुधारूही शकते. नव्या वाहिन्यांवरही ती लेझरइतकीच चालतात, असं २०१५च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पण ती पुन्हापुन्हा घ्यावी लागतात. मध्येच येणं थांबवलेल्या रुग्णांत, केवळ इंजेक्शनं घेतलेल्यांचे डोळे लेझर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडलेले आढळले आहेत. त्यामुळे लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या, पुढच्या तारखेचा भरवसा नसलेल्या रुग्णाला अनेक तज्ज्ञ आजही लेझरच सुचवतात.