सावरणाऱ्या मुलांच्या मागे कोण असतं?

संकटातून सावरणारं मूल म्हटलं की आपल्याला मुळातच कणखर असलेलं मूल आठवतं. पालकांना मिळणारे सल्लेही त्याच वळणाचे असतात: पडू द्या, रडू द्या, आपलं आपण उठू द्या. गेल्या ऐंशी वर्षांचं संशोधन मात्र मुलापेक्षा त्याच्या अवतीभवतीच्या माणसांकडे जास्त बोट दाखवतं.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा असंख्य मुलांना आईवडिलांपासून दूर, सुरक्षित गावांत पाठवलं गेलं. त्याच काळात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन मनोविश्लेषक लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धाची झळ लागलेल्या मुलांसाठी बालगृहं चालवत होत्या आणि रोजच्या नोंदी ठेवत होत्या. बॉम्बहल्ल्यापेक्षा आईची ताटातूट लहानग्यांना जास्त हादरवते, आणि आई शांत असेल तर हल्ल्याच्या रात्रीही मूल बरंच धीराने राहतं, असं त्यांना दिसलं. त्यांनी मग मुलांचे छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला सांभाळणारी एक ठरलेली बाई दिली.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 साली लिहिलेल्या अहवालाने आईच्या ताटातुटीचा हा विचार जगभर नेला. मुलांच्या इस्पितळांत आईवडिलांना भेटायलाही मज्जाव असे, तो पुढे सैल होत गेला. पण याच विचाराचं ओझं आयांच्या माथी बसलं. मुलाचं काही बिघडलं की दोष आईचा, असा सोपा अर्थ लोकांनी काढला. मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी 1972 साली या मांडणीची फेरतपासणी केली. नुसत्या दुराव्यापेक्षा घरातला सततचा कलह अनेकदा जास्त घातक असतो आणि मुलाची ओढ एकट्या आईपुरती नसते, हे त्यांनी दाखवलं.

याच सुमारास हवाईच्या काउआई बेटावर एक अभ्यास शांतपणे पुढे सरकत होता. तिथे 1955 साली जन्मलेल्या 698 बाळांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी घेतला: वयाच्या पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी. काही मुलांच्या वाट्याला गरिबी, जन्मावेळची गुंतागुंत, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार, घरातली भांडणं यांतलं बरंच काही एकदम आलं होतं. अशांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांना पुढे शिकण्यात, वागण्यात गंभीर अडचणी आल्या. उरलेली एक तृतीयांश मात्र समर्थ, माया करणारी माणसं म्हणून वाढली. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं माणूस होतं, आणि ते नेहमी आईवडीलच होते असं नाही. आजीआजोबा, मोठी भावंडं, मावशीकाका, पुढे एखादे शिक्षक किंवा शेजारी.

या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट त्यानंतरची आहे. किशोरवयात भरकटलेल्यांपैकी बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला समजूतदार जोडीदार. पाच वर्षांच्या मुलाकडे बघून ‘याचं आता काही खरं नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं.

सत्तरच्या दशकात काही संशोधक अशा सावरणाऱ्या मुलांना जवळजवळ अभेद्य, म्हणजे संकटांचा परिणामच न होणारी, मानू लागले होते. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन गार्मेझी यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात सुरू केलेल्या कामातून पुढे आलेल्या ॲन मास्टेन यांनी 2001 साली त्याला उत्तर दिलं: यात असामान्य काही नाही. प्रेमाने सांभाळणारं माणूस, शिकण्याची उमेद, स्वतःवर ताबा ठेवण्याची हळूहळू येणारी सवय अशा साध्या गोष्टी शाबूत राहिल्या की बहुतेक मुलं सावरतात. मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथार यांनी त्यापुढचा प्रश्न लावून धरला: सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं? आयांना आधार देणारे गट हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

बालपणीच्या आघातांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. आघात जितके जास्त, तितका मोठेपणी आजारांचा धोका जास्त, हे त्यात दिसलं. तेव्हापासून आघातांची बेरीज करून मुलाचं भविष्य सांगण्याची घाई सुरू झाली. तो आकडा लोकसंख्येबद्दल बोलतो. समोरच्या एका मुलाबद्दल त्यातून फारसं कळत नाही.

घराला हात दिला तर काय होतं, याचा चांगला दाखला जमैकाच्या किंग्स्टनमधला आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात वाढ खुंटलेली 129 मुलं निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला जात, घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं ते आईला दाखवत आणि तिचा आत्मविश्वास वाढवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा टिकाऊ परिणाम दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या बालविकासविषयक मार्गदर्शक सूचनांत आईच्या मानसिक आरोग्याची काळजी ही स्वतंत्र शिफारस म्हणून आली. ती हवीच होती. पण काउआईच्या मुलांना सावरणाऱ्यांत आजीआजोबाही होते, भावंडंही होती, आणि त्यांचा विचार करणारे कार्यक्रम अजून फार थोडे आहेत.