अतिक्रमणाची नोटीस आली आणि उत्तरच दिलं नाही, तर?

गायरानात घातलेला गोठा, शिवरस्त्यात सरकलेला बांध, गावठाणात रस्त्यावर आलेला ओटा. नोटिसा निघतात त्या अशा गोष्टींवर. नोटीस हाती आली की आधी ती कुणाची आणि कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा. सरकारी जमिनीसाठी तहसीलदार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ५० लावतात. गावातल्या रस्त्यासाठी किंवा मोकळ्या जागेसाठी ग्रामपंचायत आपल्या अधिनियमाचं कलम ५३. जळगाव, धुळे शहरांत महापालिकेकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३१ आहे, आणि त्याखाली रस्त्यावरचा अडथळा विनानोटीसही हटवता येतो.

नोटीस घेतलीच नाही, हा बचाव टिकत नाही. घरातल्या प्रौढ माणसाला दिली किंवा दारावर डकवून पंचनामा केला, तरी ती बजावली गेली असंच धरतात.

मुदत टळली की आदेश निघतो तो फाईलमध्ये असलेल्या कागदांवर: तलाठ्याचा अहवाल, पंचनामा, गाव नमुना १-ई (अतिक्रमणाची नोंदवही). तुमची बाजू त्यात नसतेच. मग जागा रिकामी करून घेतात, मागे राहिलेलं सामान सरकारजमा होऊ शकतं आणि हटवण्याचा खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. दंड मात्र शेतीच्या वापराला जास्तीत जास्त १,००० रुपये, बिगरशेतीला २,०००. एवढ्याशा दंडाकडे बघून नोटीस कोनाड्यात टाकणारे इथेच फसतात.

सरपंच, सदस्यांचं तर पदच जातं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो, निर्णय जिल्हाधिकारी देतात. ‘अतिक्रमण माझं नाही, वडिलांचं आहे’ असं म्हणूनही सुटका नाही. कुटुंबाच्या अतिक्रमणाचा वापर करत राहणाराही त्यात येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं.

उत्तर लेखी द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. सोबत सातबारा, भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा), घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल जोडा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे; तो कर आकारणीचा उतारा. मोजणी झालेली नसेल तर अर्ज करून मोजणी फीच्या चलनाची प्रत लावा आणि तोपर्यंत मुदत मागा. ग्रामीण भागात १ जानेवारी २०११ पूर्वीपासून राहतं घर असेल, तर २०१८ च्या शासन निर्णयाखाली ते नियमानुकूल करण्याची मागणी याच उत्तरात करा, पुरावे तारखेनिशी लावून.

सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावलकडे वनजमिनीचा हिशेब वेगळा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसणाऱ्या आदिवासीने वनहक्क दावा दाखल केला असेल, तर पडताळणी पुरी होईपर्यंत त्याला हटवता येत नाही. दाव्याची पोच नोटिशीच्या उत्तराला जोडलीच पाहिजे.

बांधकामं पाडण्याबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली १५ दिवसांची नोटीस सगळीकडे लागू नाही. रस्ता, पदपथ, नदी, तलाव यांवरची बांधकामं त्यातून वगळली आहेत.

तहसीलदाराच्या आदेशावर ६० दिवसांत प्रांताकडे अपील. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असेल तर ९० दिवस. ग्रामपंचायतीने कलम ५३ वापरलं असेल तर फक्त ३० दिवस, तेही नाशिकला विभागीय आयुक्तांकडे. आदेशाची नक्कल मिळायला लागलेले दिवस संहितेखालच्या मुदतीतून वजा होतात, म्हणून नक्कलेचा अर्ज आदेश कळताच करा. नुसत्या अपिलाने जेसीबी थांबत नाही. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्यावा लागतो.