मधुमेहजन्य रक्तवाहिनी-विकार

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिल्याने रक्तवाहिन्यांच्या भिंतींना होणारी इजा. दृष्टी जाणे, मूत्रपिंडे निकामी होणे, पायाची जखम चिघळणे, हृदयविकाराचा झटका येणे या वरवर वेगळ्या दिसणाऱ्या दुखण्यांचे मूळ बरेचसे या इजेतच असते.

रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. बिघाड तिथून सुरू होतो. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत साखर शिरायला इन्शुलिन लागते. अस्तराच्या पेशींना ते लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्यातही ती वाढते आणि आवक रोखणे त्यांना फारसे जमत नाही. ही जादा साखर जाळताना पेशीतील मायटोकॉन्ड्रियांत, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, सुपरऑक्साइड हे घातक रसायन अधिक तयार होते आणि नुकसानीच्या अनेक रासायनिक वाटा त्यामुळेच उघडतात, अशी मांडणी अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली. मांडणी नेटकी आहे, पण अशा घातक रसायनांना आवरणाऱ्या ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकार टळेल ही आशा मोठ्या चाचण्यांत फोल ठरली. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवते. मधुमेहात हे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते.

दुसरी इजा पेशींच्या बाहेर होते. साखर प्रथिनांना आपोआप चिकटते. पाव भाजताना वरची कड तांबूस होते, ती याच जातीच्या क्रियेने. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए१सी काढता येते. भिंतीला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन मात्र वर्षानुवर्षे तेच राहते; त्याचे धागे एकमेकांत सांधले जाऊन वाहिनी ताठर होते.

हे सारे प्रत्यक्ष पाहायचे तर डोळ्यात. थेंब घालून बाहुली मोठी केली की दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, बारीक लाल ठिपके दिसतात. केशवाहिन्यांना, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना, बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मेल्याने तिथे भिंतीला फुगे आलेले असतात. फुग्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, पिवळसर डाग पडतात. पुढे केशवाहिन्या बंद पडतात आणि उपाशी दृष्टिपटल नव्या वाहिन्या फुटाव्यात असा रासायनिक संदेश सोडते. त्या फुटतात, पण इतक्या नाजूक असतात की डोळ्यात रक्तस्राव होतो. तोवर रुग्णाला सगळे स्वच्छ दिसत असू शकते. ‘मला नीट दिसतंय’ या उत्तरावर डॉक्टर विसंबत नाहीत ते यामुळेच. मूत्रपिंडातही तीच गत: लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन उतरू लागते तेव्हा मूत्रपिंडांचे काम मोजण्यासाठी तपासले जाणारे रक्तातले क्रिएटिनिन बहुधा ठीकच असते.

मोठ्या धमन्यांचा हिशेब एवढा सरळ नाही. तिथे रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूही भागीदार असतात. ‘अकॉर्ड’ या चाचणीत एका गटाची साखर फार खाली आणण्याचा प्रयत्न झाला; त्या गटात मृत्यू अधिक झाल्याने २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला.

केशवाहिन्यांबाबत मात्र पुरावा भक्कम आहे. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवरील ‘डीसीसीटी’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. त्यात एका गटाची साखर काटेकोर आटोक्यात ठेवली होती, दुसऱ्याची नेहमीच्या पद्धतीने. आधी डोळे निर्दोष असलेल्यांत काटेकोर नियंत्रणाने दृष्टिपटलविकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ सारखी झाली, तरी आधी काटेकोर राहिलेल्यांचा फायदा पुढे अनेक वर्षे टिकला. याला ‘चयापचयाची स्मृती’ म्हणतात. याच अभ्यासात उलटही दिसले: साखर झपाट्याने उतरवल्यावर काहींचे डोळे सुरुवातीला तात्पुरते अधिक बिघडले. म्हणून फार चढलेली साखर वेगाने खाली आणायची असेल, तर आधी दृष्टिपटल तपासून घेतात.