लहानपणीचे किरणोपचार आणि उशिरा बिघडणारे डोळे : पार्श्वभूमी

बालपणीच्या कर्करोगातून बरे झालेल्यांच्या डोळ्यांचा विषय निघाला की आधी आठवतो रेटिनोब्लास्टोमा. ते साहजिक आहे. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा आणि डोळ्यातल्या या गाठीवर ते वापरल्याची नोंद १९०३ सालची. पण ज्यांच्या डोळ्यात आजार कधीच नव्हता, अशांचाही मोठा गट या प्रश्नात आहे. त्यांचा आजार रक्तात किंवा मेंदूत होता आणि डोळा केवळ किरणांच्या वाटेत आला.

ही वाट १९६० च्या दशकात आखली गेली. ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, मुले औषधांनी सावरत आणि काही महिन्यांतच मेंदूभोवतीच्या आवरणातून आजार पुन्हा डोके वर काढी, कारण औषधे तिथे पुरेशी पोचत नसत. म्हणून दशकाच्या उत्तरार्धात, लक्षणे नसतानाही, पूर्ण डोक्याला २४ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजण्याचे एकक) देण्याची पद्धत रुळली. पुढे ते १८ वर आले आणि नंतर बहुतेक मुलांमध्ये पाठीच्या कण्यातून दिलेल्या औषधांनी किरणांची जागा घेतली. आज उशिराच्या दुष्परिणामांची चर्चा होऊ शकते, ती त्या २४ ग्रेने मुले जगली म्हणून. त्या डोसवर टीका करणारे हे सहसा विसरतात.

खरा वाद शिशाच्या ठोकळ्याचा. डोळ्यासमोर शिसे धरून पूर्ण डोळा झाकला की काम संपले, असे बाहेरून वाटते. पण मेंदूचे आवरण दृष्टीच्या नसेला गुंडाळून थेट नेत्रगोलाच्या मागच्या भिंतीपर्यंत येते. डोळा पूर्ण झाकला तर सावलीत ल्युकेमियाच्या पेशी सुखरूप राहतात. म्हणून मागचा अर्धा डोळा किरणांत आणि किरणांनी धूसर होणारे (म्हणजे मोतीबिंदू होणारे) पुढचे भिंग सावलीत, अशी विभागणी करायची, तीही दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या गोलात. किरण दोन्ही बाजूंनी येत आणि पुढे जाताना फाकत, त्यामुळे एका बाजूची शलाका पलीकडच्या भिंगात शिरे. त्यावर उपाय म्हणून शलाकेचा मध्य डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या हाडाच्या कडेवर धरू लागले. त्या कडेमागे शलाका सरळ जाते, फाकत पुढे येत नाही.

दुसरी अडचण त्याहून बिकट होती. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताशी चाळणीसारखे पातळ हाड असते. मेंदूचे आवरण तिथे बरेच खाली उतरलेले असते. बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रात हे हाड आणि डोळा एकमेकांवर पडतात, त्यामुळे भिंगासाठी आखलेला ठोकळा नकळत त्या हाडावरही सावली टाकी. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूतल्या गाठीत संपूर्ण मेंदू आणि कणा किरणांखाली घ्यावा लागतो. त्या मुलांपैकी काहींत आजार नेमका कपाळामागच्या या कोपऱ्यात परतल्याच्या नोंदी आल्या आणि ठोकळा आक्रसला. भिंगाला जास्त डोस गेला तरी चालेल, हाड सुटता कामा नये, असा कौल मिळत गेला.

हिशोब बरोबरच होता. मोतीबिंदू काढता येतो, परतलेली गाठ बहुधा नाही. मात्र ‘मोतीबिंदू तर काढता येतो’ हे वाक्य फार सैलपणे वापरले गेले. भिंग धूसर झालेल्या लहान मुलाचा डोळा पाहायलाच शिकत नाही. शस्त्रक्रिया उशिरा झाली तर धूसर भिंग काढूनही नजर मंदच राहते. शिवाय जास्त डोसने अश्रुग्रंथी सुकलेल्या असतील तर प्रश्न भिंगापुरता राहत नाही.

किती डोसने भिंग बिघडते, याचे आकडेही बदलत गेले. १९५७ मधल्या एका अभ्यासाने एकाच वेळी दिलेल्या डोससाठी २ ग्रे आणि तीन आठवडे ते तीन महिन्यांत विभागून दिलेल्यासाठी ४ ग्रे ही मर्यादा सांगितली. तीच पुढे दीर्घकाळ गृहीत धरली गेली. २०११ मध्ये ती ०.५ ग्रेवर आणली गेली. याचा अर्थ ठोकळ्याशी लावून पाहावा. विखुरलेल्या किरणांचा थोडा वाटा आडोशातल्या भिंगालाही मिळतोच. तो दहा टक्के धरला तरी २४ ग्रेमागे २.४ होतात. ल्युकेमियात स्टेरॉइडही मोतीबिंदू आणतात, त्यामुळे दोष नक्की कोणाचा हे एकेका रुग्णात सांगणे कठीण.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी पूर्ण शरीराला एका बैठकीत सुमारे १० ग्रे देण्याच्या काळात मोतीबिंदू जवळजवळ ठरलेलाच असे. डोस विभागून दिल्यावर तो कमी झाला आणि लांबला. डोळ्याच्या खोबणीतल्या रॅब्डोमायोसार्कोमात (स्नायूंसारख्या पेशींच्या कर्करोगात) डोळा काढून टाकण्याऐवजी किरण आणि औषधे आली. डोळा वाचला, पण खोबणीभोवतीचे चेहऱ्याचे हाड वाढायचे थांबले. रेटिनोब्लास्टोमात १९९० च्या दशकात बाहेरून दिलेले किरण मागे पडले. त्याचे मोठे कारण, आनुवंशिक प्रकारात किरण लागलेल्या भागात पुढे नवे कर्करोग उद्भवत. दृष्टिपटल आणि दृष्टीच्या नसेची इजा साधारण ४५-५० ग्रेच्या पुढची. ती विरळ, पण गेलेली नजर सहसा परत येत नाही.

हे सगळे एकत्र मोजायला फार उशीर झाला. पाच वर्षे आजार परतला नाही की फाईल मिटे. १९७० ते १९८६ मध्ये निदान झालेल्या अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांचा पाठपुरावा पुढे झाला. २०१० च्या त्याच्या अहवालात मोतीबिंदूचा धोका भावंडांच्या सुमारे दहापट आढळला. आता डोक्याला किंवा पूर्ण शरीराला किरण मिळालेल्यांनी नियमित नेत्रतपासणी करावी आणि जास्त डोस असेल तर दरवर्षी, असा सल्ला दिला जातो. तो पाळायला मूळ डोस माहीत असावा लागतो. पन्नाशीकडे आलेल्या अनेकांच्या जुन्या कागदांवर तो नाही.

प्रोटॉन किरण आणि त्रिमितीय आखणीमुळे भिंगाचा डोस बराच कमी करता येतो. तरीही २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत ते चाळणीसारखे हाड पूर्ण किरणांत घ्यावे, असे स्पष्ट लिहावे लागले.