भाज्याचं लेणं अर्धवट नाही

कार्ले आणि भाजे या लोणावळ्याजवळच्या बौद्ध लेण्यांची नावं एका दमात घ्यायची सवय आपल्याला शाळेच्या सहलीपासून लागलेली असते. मळवली स्टेशनच्या एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे, मधून इंद्रायणी, लोहमार्ग आणि मुंबई-पुण्याचे दोन्ही रस्ते. दुपारी जेवून निघालं की अंधार पडायच्या आत दोन्ही पाहून होतात, म्हणून सोबत माहिती सांगणारा गाईड घेऊन अर्ध्या दिवसाच्या ‘सनसेट’ सहलीही निघतात. सहलींना माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती भाज्याच्या चैत्यगृहासमोर, म्हणजे स्तूप असलेल्या पूजेच्या दालनासमोर, हटकून ऐकू येणाऱ्या एका वाक्याला: ‘हे कार्ल्यासारखंच करायचं होतं, पण अर्धवट राहिलं.’ कधी गाईड हे सांगतो, कधी सहलीतला एखादा जाणता माणूस, आणि बाकीचे माना डोलावून पाच मिनिटांत पायऱ्या उतरू लागतात.

भाजे अर्धवट नाही, पडकंही नाही, आणि कार्ल्याची फसलेली नक्कल तर मुळीच नाही. भाजे आधीचं आहे. त्याचं चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं मानतात आणि कार्ल्याचं इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं. म्हणजे भाज्यात घण-छिन्नी चालली तेव्हा कार्ल्याचं हे चैत्यगृह अस्तित्वातच नव्हतं.

कार्ल्याबद्दल फार सांगत बसत नाही, कारण ते तुम्ही पाहिलेलं असतं. एकवीरा आईच्या दर्शनाला गेलेलं प्रत्येक घर त्या दारावरून गेलेलं आहे. सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट उंच चैत्यगृह, 37 खांब, त्यांतल्या दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांना खाली कलश आणि वर हत्तींवर बसलेल्या जोड्या, स्तूपामागचे सात साधे अष्टकोनी. स्तूपावर लाकडी छत्र, छताला सागवानी कमानी, बाहेर चार सिंहांचा स्तंभ. वैजयंती नगरातल्या भूतपाल श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण करवलं आणि ते ‘जंबुद्वीपात उत्तम’ आहे असं तिथेच कोरून ठेवलं. दोन हजार वर्षांनी तिथं उभं राहिलं तरी त्याचं म्हणणं खोडावंसं वाटत नाही.

दोन्हींतले किरकोळ फरकही उरकून टाकतो. कार्ल्याला पायऱ्या जास्त, गर्दी जास्त, दुकानं जास्त. कार्ल्यात 16 लेणी, भाज्यात 22. कार्ल्याचे शिलालेख भरपूर आहेत. खांबाखांबावर दात्यांची नावं आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे परदेशीही आहेत. भाज्यात लेख मोजके. भाज्याचं चैत्यगृह कार्ल्याच्या निम्म्याहूनही कमी लांबीचं. दोन्हीकडचे मूळ स्तूप साधे, बुद्धमूर्तीविना. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दिसणाऱ्या बुद्धमूर्ती नंतरच्या काळात कोरल्या गेल्या. एवढं पुरे. यातल्या कशानेही कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो दर्शनी भागापाशी. कार्ल्याला दर्शनी भाग आहे: आधी खांबांची दगडी आडभिंत, मग ओसरी, ओसरीच्या दोन्ही टोकांना हत्ती, समोर भिंतीत तीन दरवाजे, दरवाज्यांमध्ये दांपत्यशिल्पं आणि वर ती प्रचंड पिंपळपानाकृती कमान. भाज्याला यातलं काहीच नाही. डोंगराने आ वासावा तशी नुसती उघडी कमान आहे आणि आत थेट खांब, थेट स्तूप. कार्ले पाहून आलेल्या डोळ्यांना हे उघडेपण उणीव वाटतं. इथेच सगळे चुकतात.

भाज्यालाही दर्शनी भाग होता. तो लाकडाचा होता. ऊन, पाऊस, वाळवी आणि दोन हजारांवर वर्षं यांच्यापुढे तो टिकला नाही, एवढंच.

हे मानायला माझ्या शब्दावर विसंबायचं कारण नाही, जागेवर जाऊन पाहा. कमानीच्या कडेने आणि खाली जमिनीत चौकोनी खोबण्या आहेत, तुळया आणि चौकटीचे खांब बसवायला केलेल्या. दगडात भिंत ठेवायचीच नव्हती म्हणून त्या खोदल्या. मग कमानीच्या दोन्ही बाजूंचा कातळ पाहा. लहान लहान चैत्यकमानींच्या रांगा, वेदिकेच्या, म्हणजे कठड्याच्या, जाळीदार पट्ट्या, सज्जातून डोकावणारी माणसं, हे सगळं काठापर्यंत नीट पुरं केलेलं आहे. जिथे लाकूड येणार होतं तिथे कोरीव काम थांबतं आणि जिथे कातळच दिसणार होता तिथे ते चालू राहतं. कारागिरांनी आखून घेतलेली ही हद्द आहे.

अर्धवट लेणं कसं दिसतं हे एकदा पाहिलं की ही चूक पुन्हा होत नाही. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं आठवा: न सुटलेले दगडाचे ठोकळे, ओबडधोबड जमीन, छिन्नीचे कच्चे घाव. लेणं वरून खाली खोदत येतात. आधी छत, मग खांब, जमीन सगळ्यात शेवटी. म्हणून काम थांबलं की खालचा भाग कच्चा राहतो. भाज्यात जमीन सपाट आहे, स्तूप गुळगुळीत आहे, 27 अष्टकोनी खांब धारदार कडांचे आहेत, मागून प्रदक्षिणेची वाट पूर्ण फिरते. आतलं सगळं पुरं करून समोरची भिंत तेवढी राहून गेली, हे खोदकामाच्या क्रमातच बसत नाही.

आता खांबांकडे नीट पाहा, कारण माझ्या मते भाज्याचं सगळं मर्म त्यांच्यात आहे. हे खांब आत कललेले आहेत. ‘डोंगर खचतोय’ असं सांगणारे गाईड मी ऐकले आहेत, आणि ते ऐकून पोरांना मागे ओढणारे आईबापही पाहिले आहेत. काही खचत नाही. गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं गोलसर, छप्पर लाकडात उभारलं की त्याचा भार खांबांना बाहेरच्या बाजूला रेटतो. तो रेटा पेलायला सुतार खांब आत झुकवून रोवतो. कातळात या झुकण्याला काहीच काम नाही, कारण छत आणि खांब एकाच दगडाचे आहेत. तरीही भाज्याच्या कारागिरांनी खांब झुकवले. त्यांच्या डोळ्यांसमोर उभी होती ती गावातली, विटा-लाकडाची चैत्यगृहं. अशी बांधीव चैत्यं हवेत विरून गेली असली तरी राजस्थानात बैराटला लाकडी अष्टकोनी खांब असलेल्या वर्तुळाकार मंदिराचा पाया सापडला आहे, आणि बिहारमधल्या बराबर डोंगरात लोमश ऋषी गुंफेचं दार सुताराच्या कामाची हुबेहूब दगडी प्रत आहे. भाजे त्याच मुशीतलं आहे. कर्जतजवळचं कोंडाणेही तसंच, आणि तिथलाही लाकडी दर्शनी भाग असाच गेला आहे.

कार्ल्यात खांब सरळ आहेत. मधल्या काळात कारागिरांना उमगलं की दगडाला सुताराचे नियम पाळायची गरज नाही, आणि एकदा ते उमगल्यावर भिंत, दरवाजे, ओसरी सगळंच कातळातून काढता आलं. कार्ल्यातही लाकूड आहे, हे विसरू नका. छताच्या कमानी आणि स्तूपावरचं छत्र सांगितलंच, मोठ्या कमानीतही लाकडी जाळी होती आणि बाहेरच्या आडभिंतीवर लाकडी सज्जाच्या खोबण्या दिसतात. पण कार्ल्यातलं लाकूड काढून घेतलं तरी इमारत उभी राहते. भाज्यातलं लाकूड गेलं आणि इमारतीचा चेहराच गेला. भाज्याच्या छताच्या लाकडावर ब्राह्मी अक्षरं सापडली आहेत, एवढं जुनं लाकूड तिथे टिकून होतं. छताचं लाकूड आत, आडोशाला होतं. दर्शनी भाग मावळच्या पावसाच्या तोंडावर उभा होता.

आणि चेहरा गेल्यामुळेच भाजे पाहायची वेळ म्हणजे संध्याकाळ. दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी गेलात तर दोन्हीकडे दर्शनी कातळ सावलीत, आत मिट्ट काळोख, फोटो राखाडी. तीननंतर ऊन समोरून येऊ लागतं. कार्ल्यात ते आडभिंत आणि ओसरी ओलांडून मोठ्या कमानीतून गाळून येतं. खांबांमागच्या बाजूच्या वाटांत अंधार राहतो आणि मधल्या दालनात सोनेरी उजेड स्तूपाकडे सरकत जातो. हा परिणाम कारागिरांनी योजलेला आहे आणि तो अप्रतिम आहे. भाज्यात अडवायला काही नाही. ऊन सरळ आत शिरतं, कललेल्या खांबांची प्रत्येक कड उजळते, स्तूप पायापासून माथ्यावरच्या चौकोनी हर्मिकेपर्यंत एकाच वेळी दिसतो. भाज्याच्या भिक्षूंनी हे दृश्य असं कधीच पाहिलं नाही, कारण त्यांच्यासमोर लाकडी जाळी होती. त्यांच्याकडेही उजेड गाळूनच येत असणार. गाईडने भाज्याचा सूर्यप्रकाश दाखवताना ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘मावळतीचं ऊन स्तूपावर पडावं म्हणून समोर मोकळं ठेवलं’ ही कहाणी ऐकायला गोड आहे आणि साफ खोटी आहे.

तरी वास्तू म्हणून थोर कोणती असं विचारलं तर मी कार्ले म्हणेन, एका क्षणाचाही विचार न करता. पण दिवसाचा शेवटचा तास द्यायचा असेल तर तो भाज्यालाच. बहुतेक सहली उलट करतात: दर्शनाच्या रांगेसकट सगळी दुपार कार्ल्यावर आणि भाज्याला उरलंसुरलं, तेही पायथ्याच्या चहानंतर. माझा क्रम असा: दुपारी दोनपर्यंत कार्ले गाठायचं, आधी लेणं, मग एकवीरेचं दर्शन. चैत्राच्या यात्रेचे दिवस आणि रविवार टाळायचे, कारण भक्तांच्या गर्दीत लेणं पाहणं हे दोघांवरही अन्याय करणं आहे. चारच्या सुमारास मळवलीचा पूल ओलांडून भाजे. पुरातत्त्व खात्याचं फाटक सूर्य बुडायची वाट पाहत नाही, तेव्हा बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या आणि प्रत्यक्ष सूर्यास्त उतरताना पायऱ्यांवरून पाहा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हा बेत उत्तम. पावसाळ्यात भाज्याचा धबधबा बघायला जरूर जा, पण ढगांत सूर्य दिसणार नाही आणि गर्दीत लेणंही.

भाज्यात चैत्यगृहावरच थांबू नका. उजवीकडे दक्षिणेला चालत गेलं की चौदा लहान स्तूपांचा समूह लागतो, काही कातळाच्या आत, काही उघड्यावर. हे इथल्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, स्मरणार्थ आहेत. अंपिणिक, धम्मगिरी, संघदिन ही नावं कोरलेली सापडतात. त्यांना ‘पिंडी’ म्हणणं आणि त्यांच्यावर पाय देऊन फोटो काढणं, दोन्ही थांबलं पाहिजे. ज्या जागी लोकांनी आपल्या गुरूंची आठवण जपली तिथे हे वागणं बघवत नाही. आणखी पुढे, शेवटाकडे, 19 क्रमांकाचा विहार, म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं लेणं, आहे. त्याच्या ओसरीत एका बाजूला रथातला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. लेण्यांच्या इतिहासात इतकं जुनं आणि इतकं जिवंत काम फार थोड्या ठिकाणी आहे. सहली इथवर येत नाहीत. गाईड आणत नसेल तर त्याला आणायला सांगा, आणि तो ‘तिकडे काही नाही’ म्हणाला तर एकटे जा.

दोन्हीकडे लागू असलेल्या काही गोष्टी. विहारांतल्या खोल्या राहण्याच्या होत्या, दगडी बाकांवर झोपण्याच्या. प्रत्येक खोलीला ‘ध्यानगुंफा’ म्हणू नये. पाण्याच्या पोढ्यांत, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांत, बाटल्या टाकू नयेत. चैत्यगृहात आवाज कसा घुमतो हे दाखवायला टाळ्या वाजवणं आणि आरोळ्या ठोकणं बंद करावं. घुमणं ऐकायचंच असेल तर कुणी वंदना म्हणत असेल तेव्हा गप्प उभं राहावं. आजही बौद्ध कुटुंबं इथे वंदनेसाठी येतात, त्यांच्यासाठी ही जागा सहलीची नाही. आणि पांडवांनी एका रात्रीत कोरलं हे मुलांना सांगू नका. कार्ल्याच्या खांबावर ज्याने पैसे दिले त्याचं नाव लिहिलेलं असताना त्याचं श्रेय दुसऱ्याला का द्यायचं?

राहिलं बेडसे, याच भागातलं तिसरं लेणं. काही सहली तेही याच दुपारीत कोंबू पाहतात. कोंबू नका. बेडसे पूर्वाभिमुख आहे. दुपारनंतर त्याची ओसरी आणि घोड्या-हत्तींवरच्या स्वारांनी सजलेले ते उंच खांब सावलीत जातात आणि शिल्पं सपाट दिसतात. त्यासाठी वेगळा दिवस काढा, कामशेतला उतरा आणि सकाळी आठच्या आत पायऱ्या चढायला लागा.