लिनक्सवर मालकीहक्काचे ग्राफिक्स ड्रायव्हर बसवणे

ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीने स्वतः लिहिलेला, मूळ संहिता उघड न करता दिलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लिनक्स डेस्कटॉपवर बसवण्याची प्रक्रिया. घरगुती वापरात हा प्रश्न आता जवळजवळ एनव्हिडियापुरताच उरला आहे. इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात. एएमडीचा मुक्त ‘एएमडीजीपीयू’ २०१५ मध्ये कर्नल ४.२ बरोबर आला, आणि त्यांचा जुना बंदिस्त ‘एफजीएलआरएक्स’ उबंटू या लिनक्स वितरणाने (तयार संचाने) १६.०४ आवृत्तीपासून वगळला.

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर २०१० पासून कर्नलमध्ये आहे. कार्ड कसे वागते ते पाहून, कंपनीच्या कागदपत्रांविना तो लिहिला गेला. पत्रे लिहायला, व्हिडिओ पाहायला तो पुरतो. कूडा, म्हणजे कार्डाकडून गणिते करून घेण्याची एनव्हिडियाची व्यवस्था, मात्र त्यावर चालत नाही. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाकडून रेंडर करून घ्यायचे किंवा मशीन लर्निंग शिकायचे, तर बंदिस्त ड्रायव्हर लागतोच. कंपनीच्या या असहकारावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्याकडे मधले बोट दाखवले होते. मे २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग व पुढच्या पिढ्यांच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलची (ड्रायव्हरच्या कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाची) संहिता खुली केली, पण चित्रे काढणाऱ्या ओपनजीएलचा आणि कूडाचा भाग बंदच राहिला.

पहिले काम कार्डाची पिढी ओळखण्याचे. इंदुरात सिल्व्हर मॉलमधून स्वस्तातले जीटी ७३० घेऊन राजेंद्रनगरच्या घरी जुन्या पीसीत बसवायचे म्हटले, तर खोक्यावरचे नाव पुरेसे नाही. याच नावाखाली फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही पिढ्यांची कार्डे विकली गेली. फर्मीला ३९० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, केप्लरला ४७०. दोन्हींचा कंपनीचा पाठिंबा संपला आहे आणि नव्या कर्नलवर त्या विनादुरुस्ती बसतीलच असे नाही. त्यानंतरच्या मॅक्सवेल व पास्कल पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा. दुकानातला भिया खोक्यातल्या सीडीकडे बोट दाखवील. ती बहुधा विंडोजची असते. नेमकी चिप कोणती, हे टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ आज्ञा दिल्यावर कळते.

ड्रायव्हर मिळवण्याचे दोन मार्ग. कंपनीच्या संकेतस्थळावरची ‘डॉट रन’ फाइल हा विंडोजच्या सवयीचा मार्ग, आणि बहुतेक रडगाणी तिथूनच सुरू होतात. कर्नल मॉड्यूल हे विशिष्ट कर्नलसाठीच बांधलेले असते. अद्ययावत करताना कर्नल बदलला की जुने मॉड्यूल निरुपयोगी ठरते आणि पुढच्या वेळी लॉगिनऐवजी काळा पडदा येतो. दुसरा मार्ग वितरणाच्या भांडाराचा: तिथले पॅकेज घेतले तर ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधते, नाहीतर वितरणाने आधीच बांधलेले मॉड्यूल कर्नलबरोबर येते. उबंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडून शिफारस केलेली आवृत्ती निवडावी. डेबियनवर नॉन-फ्री विभाग सुरू करावा लागतो. फेडोरात आरपीएम फ्यूजनमधून पॅकेज आल्यावर मॉड्यूल मागे बांधले जात असते, म्हणून रीस्टार्टची घाई न करता काही मिनिटे थांबावे. नूव्होला बाजूला सारण्याचे काम पॅकेजच करते.

सिक्युअर बूट (फक्त डिजिटल सही असलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी संगणकाची सोय) चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. अशा वेळी उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो. डेस्कटॉप मराठीत असला तरी हा पडदा इंग्रजीतच असतो, कारण तेव्हा लिनक्स सुरूच झालेले नसते. साधारण १० सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो. ‘एन्रोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. बसवूनही ड्रायव्हर चालत नाही, अशा तक्रारीत आधी हीच पायरी तपासावी.

लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल किंवा एएमडीची चिप आणि एनव्हिडिया असे दोघे असतात; उबंटूत कोणते वापरायचे ते ‘प्राइम-सिलेक्ट’ने ठरते. सर्व नीट बसल्याची खूण म्हणजे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ आज्ञेने कार्डाचे नाव व तापमान दाखवणे. काळा पडदा आलाच तर संगणक सुरू होताना ग्रब या प्रोग्रॅमने दाखवलेल्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा, किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी पडद्यावर जावे आणि तिथून पॅकेज काढून टाकावे. नूव्हो परत येतो.